दहावा ग्रह पुढच्या सीटवर

कुंभकोणमला नऊ ग्रह एका दिवसात उरकता येतात. सूर्य सूर्यनार कोविलला, चंद्र तिंगळूरला, मंगळ वैदीश्वरन कोविलला, बुध तिरुवेंकाडूला, गुरू आलंगुडीला, शुक्र कंजनूरला, राहू तिरुनागेश्वरमला, केतू कीळपेरुंपळ्ळमला आणि शनी तिरुनळ्ळारला, अशी सगळ्यांनी कावेरीच्या खोऱ्यात आपापली बिऱ्हाडं थाटली आहेत. कोण कोणाभोवती फिरतो याबद्दल कोपर्निकसने काहीही ठरवलेलं असो, कुंभकोणमच्या टॅक्सीवाल्यांनी तो प्रश्न स्वतःपुरता कायमचा सोडवला आहे. ते रोज पहाटे निघतात आणि रात्रीपर्यंत नऊच्या नऊ ग्रहांना एक चक्कर मारून परत येतात.

यात एकच गोम आहे. दुपारी बारा-साडेबाराला देवळं बंद होतात ती चारला उघडतात. म्हणजे सकाळच्या सत्रात जितके ग्रह पदरात पडतील तितके पाडून घ्यायचे. त्यामुळे साडेसाती टळावी म्हणून निघालेली माणसं भाताच्या शेतांमधल्या अरुंद रस्त्यावरून अशा वेगाने जातात, की शनीला स्वतःहून काही करायची गरजच उरू नये.

आमच्या गाडीत मी, माझी बायको, अमरावतीची मावशी आणि मावशीचे पुण्याचे जावई अशी मंडळी होती. जावई हा दहावा ग्रह असं जुने लोक म्हणून गेलेत. हा दहावा ग्रह मानाने पुढच्या सीटवर बसला. त्याच्या हातात अकरावा ग्रह होता आणि त्यावर नकाशा उघडलेला होता.

ड्रायव्हर अण्णा भला माणूस. पांढराशुभ्र शर्ट, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, चाळीस-पंचेचाळिशीचं वय. गाडी एकट्याला मिळाली तर उत्तम चालवेल याबद्दल मला आजही शंका नाही. पण ती त्याला एकट्याला मिळते कुठे? गाडीत बसलेल्या प्रत्येकाचा त्याच्या डोळ्यांवर, कानांवर आणि हातांवर थोडा थोडा हक्क असतो, आणि भाडं भरलेलं असलं की तो हक्क वाढतो.

आपण मराठी माणसं या बाबतीत लहानपणापासून तयार झालेली आहोत. एसटीत ‘वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये’ अशी पाटी असते. ती वाचण्याइतकं जवळ जाऊन बसायचं आणि तिच्या खाली बसून चालकाला ‘यंदा पाऊस कसाय तुमच्याकडं?’ विचारायचं, हा आपला जुना परिपाठ. पाटी बोलण्याबद्दल आहे, विचारण्याबद्दल थोडीच आहे!

जावईबापूंनी आलंगुडीच्या रस्त्याला लागताच मोबाइलवरून पाठ केलेलं पहिलं तमिळ वाक्य सोडलं. ‘अण्णा, एव्वळवु दूरम?’ म्हणजे किती लांब? अण्णाला इतका आनंद झाला, की त्याने रस्त्यावरची नजर काढून जावईबापूंकडे वळवली. ‘पदिनेळु!’ जावईबापूंची तमिळ एका वाक्यात संपली होती. ‘क्या?’ मग अण्णा इंग्रजीत म्हणाला, ‘सेवन्टीन.’ जावईबापूंनी मागे वळून आम्हाला जाहीर केलं, ‘सत्तर किलोमीटर आहे!’ मावशी म्हणाली, ‘अगं बाई, सत्तर? मग गुरू बारापर्यंत कसा सापडणार?’ गोंधळ अण्णाच्या ध्यानात आला. त्याने स्टिअरिंग सोडलं, दोन्ही हात वर करून दहा बोटं दाखवली, मग एका हाताची पाच आणि दुसऱ्याची दोन. पोंगल नुकताच झालेला होता. समोर अर्ध्या रस्त्यावर कुणीतरी मळलेलं भात वाळत घातलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यातून एक बस हॉर्नवर आख्खं गाणं वाजवत येत होती. गाडी त्या दोघांच्या मधून कशी निघाली हे मला सांगता येणार नाही, कारण मी डोळे मिटले होते. जावईबापू मात्र खूश होते. ‘सतरा म्हणतोय,’ ते म्हणाले. ‘मॅपवर साडेसोळा दाखवतोय.’

म्हणजे त्यांना आधीपासून माहीत होतं!

हिशेब सोपा आहे. ताशी साठच्या वेगाने गाडी एका सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. पाच सेकंद बोटं मोजली तर ८३ मीटर. कुंभकोणममध्ये सारंगपाणीच्या देवळाचं अकरा मजली गोपुर सुमारे १७३ फूट, म्हणजे ५३ मीटर उंच आहे. ते रस्त्यावर आडवं निजवलं आणि त्याच्या पुढे आणखी अर्धं ठेवलं, तर तेवढं अंतर अण्णाने कोणाच्याही मदतीशिवाय, निव्वळ पूर्वपुण्याईवर कापलं होतं. हे सगळं अर्ध्या किलोमीटरच्या फरकासाठी.

यावर कोणी म्हणेल की बोलण्याने एवढं काही बिघडत नाही, हात मोकळे असले म्हणजे झालं. कानात बोंड घालून फोनवर बोलणारे सगळे हेच म्हणतात. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यावर बरीच वर्षं घालवली. त्याने २००६ साली आपल्या सहकाऱ्यांबरोबर दाखवून दिलं, की फोनवर बोलणाऱ्याचं गाडी चालवणं दारू प्यालेल्याच्या तोडीचं वाईट असतं, आणि फोन हातात धरलाय की कानात खोचलाय याने फारसा फरक पडत नाही. डोळे रस्त्याकडे असतात, पण पाहणारा कुठेतरी दुसरीकडे गेलेला असतो. पुढे २००८ मध्ये याच मंडळींनी आणखी एक गोष्ट तपासली. शेजारी बसलेला माणूस बोलतो तेव्हा काय होतं? तर त्यांना आढळलं, की शेजारचा माणूस फोनवरच्यापेक्षा बरा. त्याला रस्ता दिसत असतो, गर्दी वाढली की तो बोलणं आवरतं घेतो, वळण चुकू नये म्हणून मदतही करतो.

संशोधन उत्तम आहे. फक्त त्यांनी आमच्या मावशीला तपासलेलं नव्हतं.

मावशीला रस्ता दिसतो तो केवळ टीका करण्यासाठी. गर्दी वाढली की तिचा आवाज वाढतो, कारण हॉर्नच्या वर ऐकू जायला हवं. शिवाय तंजावरला १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं हे तिने सहलीच्या माहितीपत्रकात वाचलं होतं. तेव्हापासून इथे मराठी कळत नाही हे कबूल करायची तिची तयारी नव्हती. ‘भाऊ, जरा हळू घ्या’, ‘भाऊ, तो ट्रक पहा’, ‘भाऊ, काहून इतका चिकटता त्याला?’ हे सगळं ती मागून, अण्णाच्या खांद्यावर बोट टोचून सांगायची. प्रत्येक वेळी अण्णा अदबीने मागे वळून ‘अम्मा?’ म्हणायचा. हळू चालवा हे सांगण्यासाठी माणसाला मागे वळायला लावणं, हा सुरक्षिततेचा खास आपला प्रकार आहे.

मध्येच ती त्याच्यापुढे चकली धरायची. मागून, डाव्या कानाजवळून. नको कसं म्हणणार? २०१९ साली मोटार वाहन कायदा कडक झाला. गाडी चालवताना फोन हातात धरला तर पहिल्या खेपेलाच एक हजारापासून पाच हजारांपर्यंत दंड होतो, कैदसुद्धा होऊ शकते. पुढच्या वर्षी नियमात एवढीच सवलत आली, की रस्ता शोधण्यापुरता फोन वापरा, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. पण मोठ्या माणसाने मायेने पुढे केलेल्या चकलीचं काय करावं, याबद्दल कायदा गप्प आहे.

अण्णाचा स्वतःचा फोनही होता. तो डॅशबोर्डवर पिळ्ळैयार, म्हणजे आपला गणपती, वेल्लंकण्णीची माता आणि मक्केचं चित्र यांच्या रांगेत चौथा उभा होता. तीन देव गप्प बसले होते. हा चौथा दर थोड्या वेळाने मुरुगनाच्या गाण्यात वाजे, थरथरत पुढे सरके आणि गणपतीला टेकून थांबे. अण्णा त्याला उचलत नसे. तो नुसता वाकून कोणाचा फोन आहे ते वाचे, आणि वाचून झाल्यावर का उचललेला नाही याबद्दल स्वतःशी हसे. न उचलता फोनवर इतका वेळ घालवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

आता कुंभकोणमची खरी अडचण सांगतो. तिथे शंभर पावलं गेलं की देऊळ येतं, आणि देऊळ आलं की हात जोडावेच लागतात. अण्णाचा नमस्कार मोठा साग्रसंगीत होता. उजवा हात आधी छातीला, मग दोन्ही डोळ्यांना, मग ओठांना. कुंभेश्वर, नागेश्वर, चक्रपाणी, सारंगपाणी, रामस्वामी अशा ओळीत हा हात खाली यायला उसंत मिळत नाही. पुणेकरांना यात नवीन वाटू नये. शिवाजी रस्त्याने जाताना दगडूशेठसमोर स्कूटर न थांबवता मान झुकवणारे भक्त रोज दिसतात, तेवढ्यापुरती स्कूटर गणपतीच्या स्वाधीन. जावईबापू हे रोज करतात. मात्र ते हेल्मेट घालत नाहीत. २०१९ च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा निघाला तेव्हा ते त्यात होते, असं अभिमानाने सांगतात. हेल्मेटचा त्यांना एकच उपयोग मान्य आहे. गालाशी मोबाइल खोचून ठेवायला ते बरं असतं.

आडुतुरैच्या वाटेवर गोविंदपुरमला विठ्ठलाचं मोठं देऊळ आहे. सभोवार द्राविडी गोपुरं आणि मध्येच आपल्याकडच्या धाटणीचं शिखर. मावशीला ते लांबून दिसलं आणि ती जवळजवळ उभी राहिली. ‘भाऊ, विठ्ठल! हात जोडा, हात जोडा!’ अण्णाने आज्ञाधारकपणे दोन्ही हात जोडले. माझ्या बायकोनेही जोडले, पण तिने ते विठ्ठलासाठी जोडले होते असं मला वाटत नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र कुंभकोणमचा जाहीर सत्कार व्हायला हवा. तिथली डिग्री कॉफी. ती पितळेच्या पेल्यात येते आणि पेला पितळेच्या वाटीत, म्हणजे डबऱ्यात बसलेला असतो. कॉफी इतकी कढत, की पेल्यातून डबऱ्यात आणि डबऱ्यातून पेल्यात हातभर उंचावरून ओतल्याशिवाय ओठाला लावता येत नाही. या कामाला दोन्ही हात लागतात, दोन्ही डोळे लागतात, आणि पाय जमिनीवर असावे लागतात. चालत्या गाडीत ती पिणं निव्वळ अशक्य आहे. म्हणजे अपघात टाळण्यासाठी भारतात शोधलं गेलेलं हे एकमेव पेय. कागदी पेल्याने या संस्कृतीचा घात केला. आपल्याकडच्या तंबाखूचं तर उलटच आहे. तिलाही दोन्ही हात लागतात, एकात चुना-तंबाखू आणि दुसऱ्याचा अंगठा. पण घाटात ट्रक चालवणारे वीर तेवढ्यापुरतं स्टिअरिंग गुडघ्यांत धरतात, मळतात, वरची पूड फुंकतात आणि मग दार किंचित उघडून थुंकतात.

दारासुरमला आम्ही वाट वाकडी करून उतरलो. बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने बांधलेलं ऐरावतेश्वराचं हे देऊळ २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्याचा पुढचा मंडप रथाच्या आकाराचा आहे. दगडी चाकं, ती ओढणारे दगडी घोडे. आठशेहून जास्त वर्षं झाली, एकही चलन नाही. जावईबापूंनी त्या चाकाजवळ उभं राहून सेल्फी घेतला. त्या दिवसात वाहनाजवळ उभं राहून मोबाइल वापरण्याचा तेवढाच एक निर्धोक प्रसंग होता.

पण या भागातले रथ सगळेच दगडी नाहीत. तिरुवारूरचा लाकडी रथ सजवला की सुमारे ९६ फूट उंच होतो. तो हजारो माणसं दोर धरून ओढतात, आणि त्याचा वेग मुंगीला लाजवणारा असतो. तरीही चाकांपाशी लाकडी ओंडके घेतलेली माणसं असतात. चाकाखाली ओंडका सरकवायचा, रथ वळवायचा, थांबवायचा, एवढंच त्यांचं काम. त्यांनी वर देवाकडेसुद्धा बघायचं नसतं. इतकं करूनही लोकांचं समाधान झालं नाही, म्हणून त्रिचीच्या भेल कारखान्याकडून त्या रथाला हायड्रॉलिक ब्रेक बसवून घेतले. देव पायी चालणाऱ्या माणसापेक्षा हळू जातो, तर त्याला एवढा बंदोबस्त. आणि भक्त ऐंशीने जातात, त्यांना बोनेटला बांधलेलं एक लिंबू.

लिंबावरून आठवलं. तमिळनाडूत आयुधपूजेला गाडीची दृष्ट काढतात. कोहळ्यात कुंकू भरायचं, तो गाडीवरून ओवाळायचा आणि रस्त्याच्या मधोमध आपटून फोडायचा. गाडीवरचं संकट गेलं. ते जातं कुठे, तर त्या कोहळ्याच्या गरावरून घसरणाऱ्या पुढच्या दुचाकीस्वाराकडे. कोहळे रस्त्यात फोडू नका, अशी विनंती पोलीस वर्षानुवर्षं करत आले आहेत. पण आपलं संकट आपल्याच अंगणात फोडायला कोणाचं मन धजणार? २०२२ मध्ये देशात सर्वांत जास्त रस्ते अपघात तमिळनाडूत झाले, ६४ हजार १०५. हा आकडा मी जावईबापूंना अपघातांच्या अहवालातून वाचून दाखवला तेव्हा त्यांनी ‘बघा, यांना शिस्तच नाही’ असा निष्कर्ष काढला. मग त्याच अहवालातली पुढची ओळ वाचली. मृतांच्या संख्येत उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूच्या पाठोपाठ तिसरा नंबर महाराष्ट्राचा होता. त्यावर ते खिडकीबाहेर भात बघू लागले.

मागच्या सीटचा पट्टा लावावा असं मला दिवसभर वाटत होतं. पट्टा होता. तो जिथे अडकवायचा ते बक्कल मात्र सीटच्या नव्या कव्हराखाली पुरलेलं होतं. मी हात घालून चाचपडू लागलो तेव्हा अण्णाने आरशातून पाहिलं आणि धीर दिला, ‘सार, बॅक सीट, नो पोलीस.’ पट्टा पोलिसांसाठी असतो ही समजूत काही त्याच्या एकट्याची नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री मागच्या सीटवर पट्ट्याविना गेले. त्यानंतर काही आठवडे आपण सगळे मागे बसूनही पट्टे शोधत होतो. पुढे बाजारात नुसत्याच बकलच्या खोट्या जिभा हजारोंनी विकल्या जात असल्याचं उघड झालं. जीभ खोचली की गाडीची टिकटिक बंद. २०२३ मध्ये सरकारी ग्राहक प्राधिकरणाला त्या ऑनलाइन दुकानांतून काढायला लावाव्या लागल्या. माणूस जीव वाचवायला जेवढी अक्कल चालवत नाही तेवढी ती टिकटिक थांबवायला चालवतो.

संध्याकाळी शेवटचा शनी उरला. तिरुनळ्ळार कारैक्काल भागात येतं आणि कारैक्काल पुदुच्चेरीच्या कारभारात. तिथे पेट्रोल आणि दारू दोन्ही तमिळनाडूपेक्षा स्वस्त मिळतात. अण्णाने फक्त पेट्रोल भरलं, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवतो. तिरुनळ्ळारला नळतीर्थ आहे. नळराजाची शनीच्या फेऱ्यातून सुटका तिथे झाली अशी श्रद्धा आहे. हे बायकोने वाचून दाखवताच मावशी सावरून बसली. ‘नळ? अगं, तो आमच्या कौंडिण्यपूरचा जावई!’

मग तिने गोष्ट सुरू केली, आणि ती तिने फार सुंदर सांगितली. राज्य गमावलेला, रूप पालटलेला नळ बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन राहतो. दमयंतीचं दुसरं स्वयंवर आहे असा निरोप येतो. एका दिवसात विदर्भ गाठायचा. बाहुक रथ असा हाकतो, की राजाचं उपरणं उडून पडतं. राजा म्हणतो थांब, उपरणं घेऊ. बाहुक म्हणतो, ते केव्हाच योजनभर मागे राहिलं. पुढे राजाला एक बेहड्याचं झाड दिसतं. शेजारी बसलेल्या माणसाला गप्प बसवत नाहीच. राजा झाडाची पानं किती, फळं किती, खाली पडलेली किती, ते चालत्या रथातून सांगू लागतो. बाहुकाला आकड्यांची मोहिनी पडते, मोजून पाहावंसं वाटतं. आणि तो काय करतो? रथ उभा करतो. लगाम रथातल्या दुसऱ्या सारथ्याच्या, वार्ष्णेयाच्या हाती देतो, खाली उतरतो आणि मग मोजतो. राजा तडफडतो, उशीर होतोय, थांबू नकोस म्हणतो. बाहुक म्हणतो, थांबा, नाहीतर वार्ष्णेयाला घेऊन पुढे व्हा, रस्ता चांगला आहे. तिथेच त्याला अक्षविद्या मिळते आणि तिथेच त्याच्या अंगातला कली बाहेर पडतो.

मावशी बोलत असताना एक गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आली नव्हती. मराठीतलं काही कळत नसलं तरी अण्णाला ‘नळ’ कळलं होतं, ‘दमयंती’ कळलं होतं. आरशातले त्याचे डोळे मोठे होत चालले होते. ‘नळन्!’ तो एकदम म्हणाला. ‘अम्मा, नळन्! दमयंती! सनीश्वरन!’ त्यालाही त्याची गोष्ट सांगायची होती. ती त्याच्या गावची होती आणि ती सांगायला त्याला दोन्ही हात लागणार होते. माझ्या बायकोने पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली.

गाडी डावीकडे सरकली, मातीच्या कडेला उतरली आणि थांबली. अण्णाने हँडब्रेक ओढला, मागचे दिवे लुकलुकते केले, मांडी मोडून पूर्ण मागे वळला आणि मावशीकडे तोंड करून, दोन्ही हात मोकळे सोडून, शनीने नळाला कसं गाठलं ते तमिळमध्ये सांगू लागला. मावशी ‘हो का? अगं बाई! मग?’ करत मराठीत ऐकू लागली.

जावईबापूंनी घड्याळात पाहिलं, नकाशात पाहिलं, पुन्हा घड्याळात पाहिलं.

‘अहो, एवढ्यासाठी गाडी कशाला थांबवायची?’ ते म्हणाले. ‘चालता चालता सांग म्हणावं!’